तुमचे प्रश्न : इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर की ईएनटीसी?

सीईटीचा निकाल लागला की या सदराकडं येणाऱ्या पत्रांचा नूरच बदलतो, सगळी गाडी इंजिनीअरिंगवर येते. यावेळी सांगली-सातारा पट्ट्यातली पत्रं वेगळी काढली, कारण त्यातले प्रश्न एकमेकांत गुंतलेत, एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्यालाही लागू पडतंय. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर आणि कम्युनिकेशन (म्हणजे ईएनटीसी, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) या तिन्ही शाखांची मुळं एकच आहेत, आणि पहिल्या दोन वर्षांत सर्किट, सिग्नल आणि गणित ज्यानं पक्कं केलं त्याला पुढं शाखेचं नाव फारसं आडवं येत नाही.

प्रश्न : सर, माझी थोरली पोरगी बारावी सायन्स झाली, सीईटीला पर्सेंटाइल बरे पडलेत. कराड-सांगलीकडं चांगल्या कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळंल असं दिसतंय, आणि पुण्याच्या बाहेर एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळतंय पण तिथली फी आणि हॉस्टेल धरून खर्च लई होतोय. पाहुणे सगळे म्हणत्यात कॉम्प्युटरच घ्या, इलेक्ट्रिकल म्हणजे पोलावर चढायचं काम. पोरगीला विचारलं तर म्हणती मला दोन्ही आवडतं. घरची द्राक्षबाग हाय, विहिरीवरच्या स्टार्टरची पेटी तीच बघती, फेज गेला का फ्यूज उडाला ती सांगती. काय करावं?
– एक शेतकरी, तासगाव तालुका

उत्तर : दादा, पोरगी पेटी बघते हे वाचून फार बरं वाटलं. फक्त पेटी उघडताना मेन स्विच बंद आहे ना आणि पायात चप्पल आहे ना एवढं बघत जा. आता त्या पेटीवरनंच सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पेटीतच आहे.

हिरवं बटण दाबलं की कॉइलला करंट मिळतो, काँटॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकानं ओढला जाणारा मोठा स्विच, ओढला जातो आणि तिन्ही फेज मोटरला जातात. बोट काढलं तरी मोटर चालूच राहते, का तर काँटॅक्टरला एक बारका जादाचा काँटॅक्ट असतो, तो हिरव्या बटणाला पॅरलल जोडलेला असतो, काँटॅक्टर ओढला गेला की तोही मिटतो आणि मग कॉइलला तिथनंच करंट मिळत राहतो. लाल बटण सिरीजमध्ये, ते दाबलं की वाट तुटते आणि सगळं सुटतं. वायरमन याला होल्डिंग म्हणतात. म्हणजे बोट काढल्यावरही आपल्याला चालू केलंय हे त्या पेटीच्या लक्षात राहतं, आणि कॉम्प्युटरच्या पोरांना दुसऱ्या वर्षाला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये एसआर लॅच म्हणून जे शिकवतात, एका बिटाची मेमरी, ते हेच. तिथं काँटॅक्टरच्या जागी ट्रान्झिस्टरचे गेट असतात.

आता फेजचं. चालू मोटरचा एक फेज गेला तर मोटर लगेच थांबत नाही, उरलेल्या दोन तारांवर रेटत राहते आणि तेवढाच लोड ओढायला त्यातनं साधारण पावणेदोन पट करंट खेचते, वाइंडिंग तापतं आणि रिवायंडिंगवाल्याचं घर गाठायची पाळी येते. सिंगल फेज प्रिव्हेंटर हे ओळखून कॉइल सोडून देतो. हे झालं इलेक्ट्रिकल, त्यात मशीन्स आणि प्रोटेक्शन असे दोन अख्खे विषय आले. आणि तुमच्याकडं मोबाईल स्टार्टर असेल तर, बऱ्याच बागायतदारांकडं असतो, रात्रीची लाईट आली की अंथरुणातनं फोन लावायचा आणि १ दाबायचा. तो १ दाबला की पेटीच्या टोकाला ६९७ आणि १२०९ हर्ट्झ असे दोन सूर एकदम पोचतात, आणि पेटीतलं सर्किट ते दोन सूर वेगळे काढून हा १ आहे हे ओळखतं. हे कम्युनिकेशन. एका पेटीत तीन शाखा आहेत आणि पोरगी म्हणते दोन्ही आवडतं, ती बरोबरच बोलतेय.

ही मुळं एक आहेत हे मी उगाच म्हणत नाही. क्लॉड शॅनन नावाचा अमेरिकन पोरगा, मिशिगनला इलेक्ट्रिकल आणि गणित अशा दोन डिग्र्या करून एमआयटीत आला आणि १९३७ साली, एकविशीत, त्यानं मास्टर्सच्या प्रबंधात दाखवून दिलं की रिले (विजेनं चालणारे स्विच) आणि स्विचच्या जोडण्यांना बूलचं तर्कगणित, म्हणजे खरं-खोटं यांचं गणित, जसंच्या तसं लागू पडतं. सिरीज म्हणजे 'आणि', पॅरलल म्हणजे 'किंवा'. आजचे सगळे प्रोसेसर त्या पायावर उभे आहेत. मग त्याच माणसानं १९४८ साली कुठल्याही चॅनेलमधून जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक पाठवता येते याचं गणित मांडलं, आणि आज तुमच्या मोबाईलपासून उपग्रहापर्यंत सगळं त्या गणितावर चालतं. तो शिकला इलेक्ट्रिकल, पाया घातला कॉम्प्युटर आणि कम्युनिकेशन दोन्हीचा.

पोलावर चढायचं म्हणणाऱ्या पाहुण्यांना सांगा, पोलावर चढणारा लाईनमन हा आयटीआय करून आलेला कसबी माणूस असतो आणि त्याच्या कामाला हसायचं काही कारण नाही, पण इलेक्ट्रिकल इंजिनीअरचं काम वेगळं आहे. सबस्टेशनचं डिझाईन, रिलेची सेटिंग, ड्राइव्ह, सोलरचा इन्व्हर्टर, ईव्हीच्या बॅटरीचं मॅनेजमेंट, हे त्याचं. आणि आपल्या भागात तर हे सगळं डोळ्यांसमोर आहे. कोयनेचा १९६० मेगावॅटचा प्रकल्प, वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या, म्हैसाळ-टेंभू-ताकारीचे पाणी उचलणारे अजस्र पंप, साखर कारखान्यांची को-जनरेशन. यातल्या प्रत्येक ठिकाणी आता सॉफ्टवेअर आणि कम्युनिकेशन घुसलेलं आहे, स्काडा म्हणतात त्याला, कंट्रोल रूममध्ये बसून दूरचा ब्रेकर उघडतात.

तेव्हा माझं मत, जवळचं चांगलं कॉलेज आणि इलेक्ट्रिकल घ्या. एक अट, तिनं कोडिंग पहिल्या वर्षापासून सोडायचं नाही. सीमध्ये सुरुवात, मग पायथन, आणि कॉलेज स्वायत्त असेल तर बहुतेक ठिकाणी जादाचे १८-२० क्रेडिट करून कॉम्प्युटरकडची मायनर डिग्री घेता येते, ती घ्यायची. कॅम्पसला येणाऱ्या आयटी कंपन्या इलेक्ट्रिकलच्या पोरांनाही बसू देतात, परीक्षा तीच असते. पोरगी उद्या म्हणाली की मला फक्त सॉफ्टवेअरच करायचंय, मशीनकडं बघायचंसुद्धा नाही, तर गोष्ट वेगळी, मग कॉम्प्युटर घ्या. पण जी पोरगी आपणहून स्टार्टर उघडते ती असं म्हणेल असं मला वाटत नाही.

पैशाचं एक महत्त्वाचं. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे, पण प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही, खाजगी अभिमत आणि खाजगी विद्यापीठांनाही नाही. ते पुण्याकडचं कॉलेज यातल्या कुठल्या खान्यात बसतं ते आधी विचारा. हॉस्टेल आणि मेस वेगळी धरा. आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका, गेटवर चहाच्या टपरीला तिसऱ्या वर्षाची पोरं गाठा आणि दोनच गोष्टी विचारा, प्रॅक्टिकल खरंच होतात का, आणि लॅब संध्याकाळी उघडी असते का.

प्रश्न : मी ईएनटीसी दुसऱ्या वर्षाला आहे. सिग्नल्स अँड सिस्टिम्स डोक्यावरून जातंय, मागच्या सेमला विषय राहिला पण. फूरिए, कॉन्व्होल्यूशन, नुसती इंटिग्रल्स, कशासाठी चाललंय कळत नाही. सिनिअर म्हणतात ते काढ कसंतरी ४० मार्कात आणि जावामध्ये डीएसए कर, प्लेसमेंट त्याच्यावरच होते. खरं आहे का?
– एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : सिनिअर प्लेसमेंटबद्दल निम्मं खरं बोलतोय, आयटी कंपनीच्या पहिल्या फेरीत डीएसएच (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) असतं, ते कर, रोज तासभर कर. पण सिग्नल्स कसंतरी काढ हे ऐकू नकोस, कारण पुढं डीएसपी, डिजिटल कम्युनिकेशन, कंट्रोल, इमेज प्रोसेसिंग सगळे याच विषयाच्या खांद्यावर बसलेत, हा कच्चा राहिला की चारही पाठ करावे लागतात. ईएनटीसीचा पोरगा आणि कॉम्प्युटरचा पोरगा इंटरव्ह्यूला शेजारी बसले तर तुझ्याकडं जादाचं काय आहे याचं उत्तर हाच विषय आहे.

अडचण विषयात नाही, तो फळ्यावर शिकवला जातो त्यात आहे. तू असं कर. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड कर, "सातारा सासवड सांगोला" असं काहीतरी स भरपूर असलेलं बोल. फाईल वेव्ह फॉरमॅटमध्ये घे, त्यात बहुतेक वेळा सेकंदाला ४४१०० सॅम्पल असतात म्हणजे ४४१०० आकडे. पायथनमध्ये किंवा सायलॅबमध्ये ती फाईल उघड, दोन्ही फुकट आहेत. आता दर अकरावा आकडा ठेव, बाकी फेकून दे, म्हणजे सेकंदाला साधारण ४००० राहिले, आणि त्याच हिशोबानं वाजव. शब्द ओळखू येतील पण प्रत्येक स च्या जागी एक खरखरीत घाणेरडा आवाज येईल जो तू काढलेलाच नाहीस. तो कुठून आला? स म्हणताना तोंडातून जी हवा सुटते तिच्यातली बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते, आणि सेकंदाला ४००० सॅम्पलमध्ये फक्त २००० हर्ट्झपर्यंतच मावतं, त्याच्या वरचं सगळं दुमडून खाली येतं आणि खालच्या आवाजाचं सोंग घेतं. याला अलायसिंग म्हणतात. आता परत मूळ फाईल घे, आधी २००० च्या वरचं फिल्टरनं काप आणि मग अकरावा आकडा ठेव. खरखर गेली, आवाज मात्र तोंडावर उशी धरल्यासारखा झाला. हे दोन आवाज एकदा कानानं ऐकलेस की नायक्विस्टचा नियम (सॅम्पल सगळ्यात वरच्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त हवेत) परीक्षेत विसरणं शक्य नाही.

आणि यातनंच कळेल की फोनवर नाव सांगताना आपण "साताऱ्यातला स" असं का सांगतो. जुन्या टेलिफोननं आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवला, बोलणं कळायला तेवढा पुरतो. त्याला सेकंदाला ८००० सॅम्पल, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएस, आणि अख्ख्या जगाच्या डिजिटल टेलिफोनची वीट या एका आकड्याची आहे. पण ३४०० ला कात्री लावली की स आणि फ मधला फरकच कापला जातो. आता त्याच पट्ट्यावर शॅननचं सूत्र (वर सांगितलेलं १९४८ चं) लावून बघ. रुंदी ३१०० हर्ट्झ, सिग्नल नॉइजच्या हजारपट, उत्तर येतं सेकंदाला ३१ हजार बिटांच्या आसपास, आणि दोन्ही टोकांना ॲनालॉग लाईन असलेले जुने डायलअप मोडेम ३३.६ केबीपीएसवर येऊन का अडकले होते ते एका ओळीत समजतं. लाईन थोडी स्वच्छ असली की थोडं वर जाता येतं, बास.

कॉन्व्होल्यूशनचं पण असंच, मोकळ्या हॉलमध्ये एक टाळी वाजव, जो घुमणारा आवाज परत येतो तो त्या हॉलचा इम्पल्स रिस्पॉन्स. तो रेकॉर्ड कर, आणि घरात रेकॉर्ड केलेल्या तुझ्या बोलण्याशी त्याचं कॉन्व्होल्यूशन कर, तू त्या हॉलमध्ये उभा राहून बोलतोयस असं ऐकू येईल. ते इंटिग्रल एवढंच करतं. आधी हे ऐक आणि मग गणित सोडव, उलट क्रमानं जाऊ नकोस. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे या विषयाचे अख्खे कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची असेल तरच पैसे.

प्रश्न : मुलाला कॉम्प्युटरला ॲडमिशन मिळाली, तो म्हणतोय लाखाचा गेमिंग लॅपटॉप लागतोच. घेऊ का?
– एक आई, कुपवाड

उत्तर : ताई, नका घेऊ. पहिल्या दोन वर्षांत सी, पायथन, जावा, डेटाबेस, यातल्या कशालाच ग्राफिक्स कार्ड लागत नाही. १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, बरा कीबोर्ड आणि बॅटरी टिकणारा साधा लॅपटॉप बघा, तो लाखाच्या बराच खाली येतो. मशीन लर्निंगचं जड काम करायचंच झालं तर ते ऑनलाइन फुकटच्या सर्व्हरवर करता येतं. वाचलेल्या पैशातून काहीशे रुपयांचा मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न, ब्रेडबोर्ड आणि एक आर्डुइनो नाहीतर ईएसपी३२ (प्रोग्रॅम करता येणारा बारका बोर्ड) घेऊन द्या, कॉम्प्युटरला असला तरी द्या. आणि पायरेटेड सॉफ्टवेअर घालायची काही गरज नाही, सर्किटसाठी एलटीस्पाइस, पीसीबीसाठी (सर्किटच्या छापील पाटीसाठी) कीकॅड, गणितासाठी सायलॅब सगळं कायदेशीर फुकट आहे, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं ईसिम नावाचं सर्किटचं सॉफ्टवेअरही मोफत दिलंय.

प्रश्न : डिप्लोमा ईएनटीसी ८५ टक्के, डायरेक्ट सेकंड इयरला जाणार आहे. दादा म्हणतो डिप्लोमावाले एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, गळपटतात. आणि आमच्या गावात सगळं मराठीतनं झालंय, इंग्लिशची भीती वाटते.
– एक विद्यार्थिनी, वाळवा तालुका

उत्तर : दादा घाबरवतोय पण त्यात तथ्य आहे. बारावीवरनं आलेल्या पोरांनी अकरावी, बारावी आणि पहिलं वर्ष अशी सलग तीन वर्षं गणित केलेलं असतं, तुझं तेवढं झालेलं नसतं आणि तू थेट तिसऱ्या सेमला बसतेस. त्यामुळं ॲडमिशनची धावपळ चालू असतानाच, कॉलेज सुरू व्हायच्या आधी, चार गोष्टी बसवून घे: कॉम्प्लेक्स नंबर, मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन आणि पार्शल फ्रॅक्शन. पार्शल फ्रॅक्शन हे वरवर फालतू दिसतं पण लाप्लास ट्रान्सफॉर्म उलटा करताना निम्मी पोरं तिथंच अडकतात. लाप्लास समजून घ्यायला एक आरसी सर्किट घे, बॅटरी लावल्यावर कपॅसिटर कसा हळूहळू भरतो ते तू डिप्लोमाला लॅबमध्ये बघितलेलं आहेस, तेच उत्तर गणितातनं काढ. तुझं बलस्थान हेच आहे, तू सीआरओ (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावलेला आहेस, सोल्डरिंग केलेलं आहेस, बारावीवाल्यांनी अजून रेझिस्टरचे रंग वाचलेले नसतात. ग्रुपमध्ये प्रॅक्टिकल तू शिकव आणि गणित त्यांच्याकडून घे, संकोच करू नकोस.

इंग्लिशचं म्हणशील तर इंजिनीअरिंगच्या पुस्तकातलं इंग्लिश हे पेपरातल्या इंग्लिशपेक्षा सोपं असतं, तेच दोन-तीनशे शब्द फिरून फिरून येतात. धडा वाच आणि वहीत मराठीत तुझ्या भाषेत समजून लिही, मग तेच इंग्लिशमध्ये तीन ओळीत. व्हायव्हाला तोंडातनं शब्द फुटत नाही ही खरी अडचण असते, त्यासाठी होस्टेलवर मैत्रिणीला रोज एक सर्किट इंग्लिशमध्ये समजावून सांगायचं, मोडकंतोडकं चालेल, तिनं हसायचं नाही हे आधी ठरवायचं.

प्रश्न : आम्ही चार जण फायनल इयर ईएनटीसी. गाईड म्हणतात आयओटीवर (इंटरनेटला जोडलेली उपकरणं) काहीतरी करा. ओळखीत एक जण तयार प्रोजेक्ट रिपोर्टसकट देतो. वेळ कमी आहे, घ्यावा का? नाहीतर काय करावं?
– एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : घेऊ नका. चार वर्षांत एकच संधी असते जिथं तुम्ही स्वतः ठरवलेली गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत उभी करता, ती विकत घेतली तर इंटरव्ह्यूमध्ये दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं, हा रेझिस्टर एवढाच का घेतला म्हणून विचारतात आणि चौघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

तुम्ही मिरजेत आहात, द्राक्षपट्टा हाकेच्या अंतरावर आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की बागायतदार डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) भीतीनं झोपत नाही, आणि डाऊनी येणार का नाही हे बरंचसं पानं किती तास ओली राहिली यावर असतं. तर पानाच्या ओलाव्याचा सेन्सर करा. पीसीबीवर दोन कंगवे एकमेकांत घुसवल्यासारखे तांब्याचे पट्टे काढायचे, पाण्याचा थर आला की दोन्हीतला रेझिस्टन्स उतरतो. पण त्याला सतत डीसी लावून ठेवलं तर काही दिवसांत एका बाजूचं तांबं खाऊन जातं, म्हणून मोजायच्या क्षणापुरताच व्होल्टेज द्यायचा आणि प्रत्येक वेळी दिशा उलटी करायची. असल्या बारीक गोष्टीत प्रोजेक्टचे मार्क असतात आणि शिक्षणही तिथंच असतं.

आता बागेतनं डेटा घरी आणायचा कसा. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि ओली पानं ती लहर चांगलीच शोषतात, छाटणीनंतर मोकळ्या बागेत टेस्ट घेतली आणि पाला आल्यावर बंद पडलं असं होतं. आपल्याकडं ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी पॉवरसाठी लायसन्सशिवाय वापरता येतो, त्यावर लोरा (कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ) मॉड्यूल लावा. लहर साधारण ३५ सेंटिमीटरची, तिच्या पावभर म्हणजे साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास तार सरळ उभी केली की अँटेना झाला. बाजारात ४३३ चं मॉड्यूल स्वस्तात मिळतं म्हणून ते उचलू नका, आधी आपल्या देशाचा नियम बघा.

बॅटरीचं गणित मात्र पहिल्या दिवशी करा. २५०० मिलिअँपिअर-अवरचा एक सेल, बोर्ड सतत जागा ठेवला आणि ८० मिलिअँपिअर ओढत राहिला तर सव्वा दिवसात संपला. तोच बोर्ड दर १५ मिनिटांनी फक्त ५ सेकंद जागा केला, बाकी डीप स्लीपमध्ये, तर सरासरी अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास येते आणि कागदावर २०० दिवस निघतात. कागदावर म्हणतोय, कारण तयार बोर्डावरचा तो लाल एलईडी आणि स्वस्तातला रेग्युलेटर स्लीपमध्येसुद्धा करंट खात बसतात, एलईडी उपटून काढा, रेग्युलेटरची डेटाशीट वाचा आणि खरा करंट मल्टीमीटरनं मोजा. आणि रिपोर्टमध्ये हे सगळं लिहा, कुठं किती ओढत होता, काय बदललं, किती झाला. एखाद्या बागायतदाराला गाठून त्याच्या बागेत सेन्सर प्रत्यक्ष लावा, तो रोज सकाळी पानाला हात लावून जे सांगेल ते वहीत लिहून तुमच्या आकड्याशी ताडून बघा.

प्रश्न : गेट द्यावी की सरळ जॉब बघावा? घरचे महावितरण म्हणतात. इलेक्ट्रिकल, तिसरं वर्ष.
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : तिसऱ्या वर्षालाच गेट (एमटेकच्या प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा) देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळं यावर्षी फॉर्म भर, एकदा खऱ्या पेपरला बसून ये. तयारी वेगळी धरू नकोस, नेटवर्क, मशीन्स, पॉवर सिस्टिम, कंट्रोल आणि गणित हे तुझेच सेमिस्टरचे विषय आहेत, गेटच्या जुन्या प्रश्नांवर अभ्यास केलास तर युनिव्हर्सिटीचा पेपर आपोआप निघतो. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या तिन्ही कंपन्या वेगळ्या आहेत, भरती त्यांच्या त्यांच्या जाहिरातीनं होते आणि दरवर्षी निघेलच असं नाही, म्हणून नुसती त्यांचीच वाट बघत घरी बसू नकोस. कॅम्पसचा जॉब मिळाला तर घे आणि भरती निघाली की परीक्षा दे.

प्रश्न : आमच्या कॉलेजात डीएसओ (डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप, लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहेत पण कपाटात. प्रॅक्टिकलला सर लांबून दाखवतात आणि रीडिंग जर्नलमध्ये उतरवून घ्यायला सांगतात. आम्ही काय करू शकतो?
– काही विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर : हे वाचून वाईट वाटलं, आणि अशी पत्रं एकाच कॉलेजातनं येत नाहीत. भांडायला जाऊ नका, लेखी जा. आठ-दहा जणींच्या सह्यांचा अर्ज विभागप्रमुखांच्या नावानं करा, त्यात तक्रारीचा सूर नको, आठवड्यातनं एक संध्याकाळ ठरावीक वेळेला लॅब असिस्टंटच्या देखरेखीखाली दोन डीएसओ वापरायला मिळावेत, मोडतोडीची जबाबदारी आमची, असं स्पष्ट लिहा. उपकरण मोडेल आणि मग आपल्या अंगावर येईल ही शिक्षकांची खरी भीती असते, ती कमी झाली की कपाट उघडायची शक्यता वाढते. अर्जाची पोच घ्या. कॉलेज एनबीए मानांकनाच्या तयारीत असेल तर तेही शांतपणे लक्षात आणून द्या, तिथं लॅबचा वापर विचारला जातो.

आणि पहिल्या संध्याकाळी डीएसओ हातात आला की आधी प्रोब बघा. प्रोब १०एक्सवर ठेवा आणि डीएसओच्या पुढच्या बाजूला जी बारकी पट्टी असते, जिथून बहुतेक मॉडेलमध्ये १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर निघते, तिला लावा. चौकोनाचे कोपरे वर उसळलेले किंवा गोल घसरलेले दिसले तर प्रोबवरचा बारीक स्क्रू प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं फिरवा, कोपरे काटकोनात येईपर्यंत. तो स्क्रू म्हणजे कपॅसिटर आहे, आणि दोन रेझिस्टर-कपॅसिटर जोड्यांचा टाइम कॉन्स्टंट सारखा झाला की कोपरा सरळ होतो, हे सर्किट कागदावर काढून सोडवा आणि जर्नलमध्ये तुमच्या हातानं घेतलेलं पहिलं रीडिंग म्हणून लिहा.